दारू सोडायच्या मिटिंगा: शोधायच्या कशा, जायचं कसं आणि लोक नेमके कुठे चुकतात

दारू सोडू पाहणारे लोक जमून एकमेकांशी बोलतात त्या मिटिंगला एकदा जायचं, शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची पकडायची, संपायच्या पाच मिनिटं आधी हळूच सटकायचं आणि मग पुढची कित्येक वर्षं सांगत फिरायचं की "मी गेलो होतो बाबा, आपल्याला नाही जमलं ते". हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की शेवटी म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. यातल्या बहुतेकांचं मिटिंगशी वाकडं नव्हतं, त्यांचा क्रम चुकला होता. डॉक्टरकडे आधी जायला हवं होतं ते गेले नाहीत, भलत्याच प्रकारच्या मिटिंगला जाऊन बसले, आणि जिथे खरं काम होतं, म्हणजे मिटिंग सुरू व्हायच्या आधीची आणि संपल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं, तेवढीच नेमकी चुकवली.

म्हणून खाली टप्प्याटप्प्याने दिलंय. एक सोडून पुढच्यावर उडी मारू नका, निदान पहिला टप्पा तरी अजिबात सोडू नका.

## टप्पा १: आधी डॉक्टर, मग मिटिंग

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने "उद्या मिटिंगला जायचंय, मग आजपासून एकदम बंद" असं ठरवलं तर हेतू कितीही चांगला असला तरी ते जिवावर बेतू शकतं. शरीराला दारूची सवय लागलेली असते आणि ती अचानक मिळेनाशी झाली की विड्रॉवल सुरू होतो. हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप उडणं, छातीत धडधड हे साधारण शेवटच्या पेगनंतर काही तासांतच दिसायला लागतं. फिट यायची असेल तर ती बहुतेक वेळा ६ ते ४८ तासांच्या दरम्यान येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, ज्याला डॉक्टर लोक डीटी म्हणतात, ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोकं वर काढतं, म्हणजे माणूस "आता तरलो" असं म्हणत असतो तेव्हा. त्यात भास होतात, माणसाला दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस जाऊ शकतो.

मिटिंगमध्ये याच्यावर इलाज नाही. तिथे बसलेले लोक प्रेमळ असतील, अनुभवी असतील, पण ते तुम्हाला सलाईन लावू शकत नाहीत.

तेव्हा डॉक्टरला खरं सांगा: रोज किती, किती वर्षं, सकाळी उठल्या उठल्या लागते का, पूर्वी कधी सोडताना फिट आली होती का, आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत. इथे आकडा निम्मा करून सांगायची फार जुनी खोड असते लोकांना. डॉक्टर त्याच आकड्यावरून ठरवतो की घरी राहून औषधांवर भागेल की डिटॉक्ससाठी, म्हणजे दारू सुरक्षितपणे उतरवण्यासाठी, ॲडमिट व्हावं लागेल, त्यामुळे इथे मारलेली थाप स्वतःच्याच अंगावर येते.

सावधान: भास, गोंधळलेलं बोलणं, फिट, खूप ताप यातलं काहीही दिसलं तर मिटिंग, हेल्पलाइन सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. आणि कुणाच्या तरी उरलेल्या झोपेच्या गोळ्या "थरथर थांबेल" म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यात वरून दारू पडली तर श्वास मंदावतो.

अजून एक, हे घरच्यांसाठी. डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती घेतलेली असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधडतं, बीपी खाली येतं. ती पिणाऱ्याला न सांगता जेवणातून देणारे लोक आहेत आणि त्यांना वाटतं आपण उपकार करतोय. माणसाला माहीत नसताना ही गोळी पोटात गेली आणि वरून तो प्यायला तर प्रकरण फार गंभीर होऊ शकतं. ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच, दुसरा मार्ग नाही.

## टप्पा २: कुठल्या प्रकारची मिटिंग हवीये ते ठरवा

बहुतेकांना एकच नाव माहीत असतं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए. जगभर सगळ्यात जास्त मिटिंगा यांच्याच आहेत त्यामुळे सुरुवात इथून करणं सोपं पडतं. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम, म्हणजे न पिता राहण्यासाठी एकामागून एक करायच्या बारा गोष्टी, फी नाही, नोंदणी नाही, सभासद व्हायला एकच अट, दारू थांबवायची इच्छा. "थांबवलेली असली पाहिजे" असं कुठेही नाही, इच्छा पुरते, हे नीट वाचा कारण "आधी सोडतो आणि मग जातो" म्हणणारे भरपूर भेटतात.

पण एए हा एकच पर्याय नाही. स्मार्ट रिकव्हरीच्या मिटिंगांमध्ये बारा पायऱ्या नसतात, तिथे विचार आणि सवयी बदलायच्या तंत्रांवर काम चालतं, एक ट्रेनिंग घेतलेला माणूस गाडी पुढे नेतो आणि लोक एकमेकांच्या बोलण्यावर थेट बोलूही शकतात. विमेन फॉर सोब्रायटी फक्त बायकांसाठी आहे. लाइफरिंग पूर्णपणे धर्मनिरपेक्ष आहे. रिकव्हरी धर्मा बौद्ध विचार आणि ध्यानाच्या अंगाने जातं. तुमच्या जवळ यातलं प्रत्यक्ष काय असेल ते जागेवर अवलंबून आहे, पण ऑनलाइन यातल्या सगळ्यांच्याच मिटिंगा होतात.

एए निवडलंत तर पुढचा फरक समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

ओपन मिटिंगला कुणीही येऊ शकतं, घरचे, मित्र, विद्यार्थी, नुसते उत्सुक लोकसुद्धा. क्लोज्ड मिटिंग फक्त त्यांच्यासाठी ज्यांना स्वतःच्या पिण्याचा प्रॉब्लेम आहे किंवा असावा असं वाटतंय. बायकोला घेऊन क्लोज्ड मिटिंगला गेलात तर तिला नम्रपणे बाहेर थांबायला सांगतील आणि मग दोघंही अपमान झाल्यासारखे परत येतील, ज्याची काहीच गरज नव्हती.

त्याशिवाय स्पीकर मिटिंग असते, तिथे एक-दोन जण आपली गोष्ट सविस्तर सांगतात आणि बाकीचे ऐकतात. चर्चेची मिटिंग असते, एक विषय घेऊन सगळे आळीपाळीने बोलतात. स्टेप मिटिंगमध्ये एकेका पायरीवर बोलणं होतं, पुस्तक वाचनाची मिटिंग असते, आणि काही ठिकाणी खास नवीन लोकांसाठीची असते. फक्त बायकांच्या, तरुणांच्या, एलजीबीटी लोकांच्या, नास्तिकांच्या मिटिंगाही असतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा नवीन लोकांची मिटिंग शोधा, ती नसेल तर ओपन स्पीकर मिटिंग. तिथे तुम्हाला बोलावं लागत नाही आणि गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत कळते. पहिल्याच दिवशी सातव्या पायरीवरच्या चर्चेत जाऊन बसलात तर लोक काय बोलताहेत तेच कळणार नाही.

इथे थांबून बघा: तुम्हाला देवाबिवाचं बोलणं अजिबात सहन होत नसेल तर ते आत्ताच मान्य करा आणि नास्तिकांची एए मिटिंग किंवा धर्मनिरपेक्ष ग्रुप शोधा. एएमध्ये "हायर पॉवर", म्हणजे आपल्यापेक्षा मोठी शक्ती, हा शब्द सारखा येतो आणि ती शक्ती म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, काही जण तर सरळ ग्रुपलाच ती शक्ती मानतात. पण ग्रुपप्रमाणे वातावरण खूप बदलतं, कुठे प्रार्थना ठळक तर कुठे नावापुरती.

## टप्पा ३: यादी काढा, आणि यादीवर विश्वास ठेवू नका

यादी मिळवायचे मार्ग असे. एएचं मिटिंग गाइड नावाचं मोफत ॲप आहे. ग्रुपच्या अधिकृत वेबसाइटवर "मिटिंग शोधा" असा विभाग असतो. एएच्या हेल्पलाइन बहुतेक ठिकाणी सभासदच सेवा म्हणून सांभाळतात, म्हणजे पलीकडे बोलणारा माणूस स्वतः तुमच्या जागेवर बसून आलेला असतो. डॉक्टर किंवा व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाकडेही जवळच्या ग्रुपची माहिती असते. सर्च इंजिनवर टाकलं की वर वर जे येतं त्यात खाजगी केंद्रांच्या जाहिराती बऱ्याच असतात, तिथला नंबर एएचा समजून फोन लावला की समोरून ॲडमिशनचं पॅकेज सांगायला सुरुवात होते. पैशाची गोष्ट निघाली की समजा, तुम्ही दुसरीकडेच फोन लावलाय.

आता यादी मिळाली. ती जुनी असू शकते. मिटिंगा सेवाभावी लोक चालवतात, हॉल बदलतो, वार बदलतो, सुट्टीत बंद राहते, आणि यादीत कुणी दुरुस्ती करत नाही. मोठ्या मुश्किलीने हिंमत करून माणूस जातो आणि दाराला कुलूप, हा अनुभव अनेकांना परत कधीच न जायला पुरेसा होतो. म्हणून:

१. एक नाही, आठवड्यातल्या तीन-चार वेगवेगळ्या मिटिंगा लिहून काढा, वेगवेगळ्या ग्रुपच्या आणि वेगवेगळ्या वेळेच्या.

२. हेल्पलाइनला किंवा ग्रुपच्या नंबरला फोन करून विचारा: अमुक वारची मिटिंग चालू आहे ना, ओपन की क्लोज्ड, कुठल्या भाषेत, किती वाजता आणि इमारतीत नेमकं कुठून शिरायचं. हे शेवटचं विचारायला विसरू नका, बऱ्याच मिटिंगा मागच्या बाजूच्या खोलीत किंवा तळघरात भरतात आणि बाहेर पाटी असेलच असं नाही.

३. "मी पहिल्यांदाच येतोय, कुणी दारात भेटेल का" असं सरळ विचारा. एएमध्ये नवीन माणसाला भेटणं हा त्यांच्या स्वतःच्या बऱ्या राहण्याचाच भाग आहे, त्यामुळे तुम्ही त्रास देताय असं मनात आणू नका.

४. एक ऑनलाइन मिटिंग बॅकअप म्हणून ठेवा. कुलूप निघालं तर तिथूनच फोनवर जॉइन व्हायचं, घरी रिकामं परतायचं नाही.

इथे थांबून बघा: वार, वेळ, पत्ता, दार, ओपन की क्लोज्ड, बॅकअप. या सहापैकी एखादं जरी कळलेलं नसेल तर अजून एक फोन करा.

## टप्पा ४: जायच्या दिवसाची तयारी

त्या दिवशी न पिता जायचा प्रयत्न करा, पण लक्षात घ्या, रोज भरपूर पिणाऱ्याने याच्यासाठी डॉक्टरचं सांगणं डावलायचं नाही. आणि प्यायला असाल तर? तरी जा. बहुतेक ग्रुप बसू देतात, फक्त शांत बसून ऐकायचं, बोलायचं नाही आणि गोंधळ घालायचा नाही. गाडी मात्र स्वतः चालवायची नाही, कुणाला तरी सोडायला सांगा.

पोटात काहीतरी टाकून जा. या लोकांमध्ये चार गोष्टी सारख्या बोलल्या जातात, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, यातलं एक जरी वाढलं तरी प्यायची तलफ वाढते. उपाशीपोटी, दिवसभर दमून, घरी भांडून मिटिंगला गेलात तर तासभर बसवणारच नाही.

घरी काय सांगायचं ते आधी ठरवा. खोटं सांगून गेलात तर आधीच संशयाने बघणाऱ्या घरात अजून एक संशय. "मी एका मिटिंगला जातोय, साडेनऊपर्यंत येईन" एवढं पुरतं. तिथे काय झालं ते सांगायची सक्ती कुणाचीच नाही.

ऑनलाइन जाणार असाल तर ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसचं अकाउंट वापरू नका, नाव पूर्ण दिसत असेल तर फक्त पहिलं नाव ठेवा, हेडफोन लावा म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं घरात ऐकू जाणार नाही. तुमची गुप्तता तर आहेच, पण त्या खिडकीत अजून वीस जणांची गुप्तता आहे हे ऑनलाइनवाले फार पटकन विसरतात. कॅमेरा बंद ठेवला तरी सहसा चालतं, काही ग्रुप सुरुवातीला एकदा चेहरा दाखवायला सांगतात.

## टप्पा ५: आत गेल्यावर

पंधरा मिनिटं आधी पोचा. हे मी सगळ्यात ठासून सांगतोय कारण लोक मुद्दाम उशिरा जातात, कुणी बोलू नये म्हणून. उशिरा गेलं की सगळ्या माना वळतात, नेमकं जे टाळायचं होतं तेच होतं. आधी गेलात की कुणीतरी खुर्च्या लावत असतं, त्याला म्हणा "मी नवीन आहे, काही मदत करू का". खुर्च्या लावताना जेवढं बोलणं सोपं जातं तेवढं नुसतं समोर उभं राहून जात नाही.

मिटिंग साधारण तास ते दीड तास चालते. ग्रुपप्रमाणे फरक पडतो पण बहुधा असं होतं: चालवणारा स्वागत करतो, थोडा वेळ शांतता किंवा छोटी प्रार्थना, ग्रुप म्हणजे काय याचं वाचन, मग कुणी नवीन आहे का ते विचारतात. हात वर करायची सक्ती नसते पण करा, कारण नंतर तुमच्याशी कुणी बोलायला यायला हवं असेल तर तुम्ही नवीन आहात हे त्यांना कळायला हवं. पहिलं नाव सांगितलं की झालं. "मी अल्कोहोलिक" असं म्हणायची लाज वाटत असेल किंवा अजून पटलेलं नसेल तर नका म्हणू, "मी अमुक, आज पहिल्यांदा आलोय" इतकंच म्हणा, कुणी हाकलत नाही.

मग शेअरिंग. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि बहुतेक एए मिटिंगांमध्ये मध्येच प्रश्न विचारणं, सल्ला देणं, बोलणाऱ्याला दुरुस्त करणं चालत नाही. नवीन लोकांना हे विचित्र वाटतं, आपण एवढं दुखणं सांगितलं आणि कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं नसतं, ती पद्धतच आहे, उत्तरं मिटिंग संपल्यावर मिळतात. तुमची पाळी आली आणि बोलायचं नसेल तर "आज नुसतं ऐकतो" म्हणा. बोललात तर तीन-चार मिनिटांत आटपा.

ऐकताना एक गोष्ट करा. समोरचा माणूस तुमच्यापेक्षा किती जास्त बिघडला होता याचा हिशोब करू नका. "त्याची नोकरी गेली, माझी तर आहे, म्हणजे मी काही एवढा नाही" हा हिशोब डोकं आपोआप मांडतं आणि त्याच्या शेवटी नेहमी एकच उत्तर येतं, मला याची गरज नाही. त्याऐवजी एकच बघा, तो जे सांगतोय त्यातलं काय माझ्याशी जुळतं. लपवून ठेवणं, उद्यापासून बंदची शपथ, सकाळी फोनमध्ये काल कुणाला काय पाठवलं ते घाबरत बघणं, असलं काहीतरी जुळतंच.

पिशवी किंवा डबा फिरेल, हॉलच्या भाड्यासाठी. पहिल्यांदा गेलेल्याने काही टाकलं नाही तरी चालतं, नुसता पुढे सरकवा. काही ठिकाणी न पिता काढलेल्या काळासाठी बिल्ले किंवा चिप देतात, पहिल्या दिवसाचीही असते, घ्यावीशी वाटली तर घ्या.

सावधान: इथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही ही सगळ्यांनी पाळायची रीत आहे आणि बहुतेक लोक ती मनापासून पाळतात. पण वकिलाशी बोलताना जसं कायद्याचं संरक्षण असतं तसं इथे असेलच असं धरून चालू नका. कोर्टात जाऊ शकेल असं काही असेल, पैशाची अफरातफर, अपघात, मारामारी, तर ते सगळ्या मिटिंगसमोर सांगू नका, आधी वकिलाशी बोला.

## टप्पा ६: संपल्यावरची पंधरा मिनिटं

सगळे उभे राहिले की पाय दाराकडे वळतात. वळू देऊ नका. मिटिंगमध्ये कुणी सल्ला देत नाही म्हटलं ना, तो सगळा इथे मिळतो, कोपऱ्यात दोघं-तिघं उभे राहून बोलतात तिथे. ज्याचं बोलणं तुम्हाला जवळचं वाटलं त्याच्याकडे जा आणि म्हणा, "तुमचं ऐकून बरं वाटलं, नंबर मिळेल का". पुरुषाने पुरुषांचे, बाईने बायकांचे नंबर घ्यावेत असा साधारण संकेत आहे आणि सुरुवातीच्या दिवसांत तो पाळलेला बरा.

निदान तीन नंबर घ्या. आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी, काहीही प्रॉब्लेम नसताना फोन करा. लोक म्हणतात तलफ आली की करू, पण तलफ आल्यावर अनोळखी माणसाला पहिला फोन कुणीच करत नाही, तेव्हा बोट त्या नंबरवर जातच नाही. दोन मिनिटांचा "काल भेटलो होतो, मी ठीक आहे" एवढा फोन आधी झालेला असला की अडचणीच्या रात्री दुसरा फोन शक्य होतो.

सावधान: नवीन माणसाशी प्रेमाची किंवा शरीराची लगट करणारे, उसने पैसे मागणारे, धंद्यात भागीदारी सुचवणारे, "डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, ती पण नशाच आहे" असं सांगणारे, असे लोक कधीमधी भेटतात. मिटिंगला यायला कुणाची छाननी होत नाही त्यामुळे सगळ्या प्रकारची माणसं येतात. अशाला टाळा, ग्रुपमधल्या जुन्या माणसाला सांगा, आणि ग्रुपच तसा वाटला तर ग्रुप बदला. औषधांचं तर स्पष्टच आहे, सभासदांनी डॉक्टरकी करू नये हे एएच्या स्वतःच्या साहित्यात सांगितलंय. डिप्रेशनच्या किंवा फिटच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

## टप्पा ७: निदान सहा मिटिंगा, मग निकाल

एका मिटिंगवरून ठरवू नका असं सगळेच सांगतात, पण किती ते कुणी सांगत नाही. माझा आकडा सहा, आणि त्या निदान तीन वेगळ्या ग्रुपच्या. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, साधा हिशोब आहे: पहिल्या दोनमध्ये तुम्ही इतके घाबरलेले असता की काही ऐकूच येत नाही, आणि एकाच ग्रुपच्या सहा केल्यात तर तुम्ही त्या ग्रुपचा निकाल लावताय, सगळ्या पद्धतीचा नाही. एएमध्ये नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा अशी एक जुनी रीत आहे. ज्याला शक्य आहे त्याने जरूर करावं, पण तो आकडा ऐकूनच जे पळतात त्यांनी सहापासून सुरुवात करावी.

प्रत्येक मिटिंगनंतर तीन ओळी लिहा. कुणाचं बोलणं लक्षात राहिलं, कशाचा राग आला, आणि त्या रात्री प्यायची इच्छा आधीपेक्षा कमी होती, जास्त होती की तेवढीच. राग आला ही वाईट खूण नाही बरं का. बऱ्याचदा ज्याचा राग येतो त्यातच आपलं काहीतरी अडकलेलं असतं, पण कधी कधी समोरचा खरंच बोअर असतो, तेही असू शकतं.

सहानंतर वही उघडा. दोन नावं तरी अशी निघाली का ज्यांना परत भेटावंसं वाटतं? निघाली तर तो ग्रुप धरा. एकही नाही निघालं तर टप्पा २ वर परत या आणि प्रकार बदला, एएकडून स्मार्टकडे किंवा उलट, किंवा प्रत्यक्षाऐवजी ऑनलाइन. दोन्हीकडे एकाच वेळी जाणारेही आहेत.

## टप्पा ८: होम ग्रुप आणि स्पॉन्सर

जो ग्रुप पटला तो होम ग्रुप, म्हणजे दर आठवड्याला काहीही झालं तरी तिथे जायचं. तिथे एक काम मागून घ्या, खुर्च्या, चाव्या, दारात उभं राहणं, काहीही. काम असलं की न जायची सबबच उरत नाही, कारण चावी तुमच्याकडे असते.

स्पॉन्सर म्हणजे असा सभासद जो स्वतः पायऱ्यांमधून गेलाय आणि तुम्हाला नेतो. निवडताना बघा: निदान वर्षभर न पिता राहिलेला आहे का, त्याचा स्वतःचा स्पॉन्सर आहे का, फोन उचलतो का, आणि तुम्हाला त्याच्यासारखं जगावंसं वाटतं का. नुसता भाषण छान करणारा म्हणून निवडू नका, मिटिंगमध्ये भारी बोलणारा माणूस फोनवर भेटेलच असं नाही. ठरत नसेल तर "तात्पुरता स्पॉन्सर व्हाल का" असं विचारता येतं, यात कुणाला वाईट वाटत नाही. त्याने नाही म्हटलं तर त्याच्याकडे आधीच दोन-तीन जण असतील, दुसऱ्याला विचारा.

स्पॉन्सर तुमचा डॉक्टर नाही, सावकार नाही, नवरा-बायकोच्या भांडणातला पंच नाही. तो प्रत्येक गोष्टीत हुकूम सोडायला लागला, नोकरी सोड, अमक्याशी बोलू नकोस, तर बदला.

## घरच्यांनी काय करायचं

पिणाऱ्याच्या मिटिंगला सोबत जाऊन बसू नका, ओपन असेल आणि त्याने बोलावलं तरच जा. परत आल्यावर "काय झालं, कोण कोण होतं, तू काय बोललास" ही उलटतपासणी नको. तुमच्यासाठी वेगळ्या मिटिंगा आहेत, अल-अनॉन, आणि घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. पिणारा जात नसला, त्याला काही पटत नसलं तरी तुम्ही जाऊ शकता, त्याच्या परवानगीची वाट बघायची नाही.

## टप्पा ९: घसरलात तर

प्यायलात, तर पुढची मिटिंग चुकवू नका. लोक इथे उलट करतात, लाजेने महिना-दोन महिने गायब होतात आणि त्या काळात पिणं पुन्हा जुन्या जागी पोचतं. आधी टप्पा १ आठवा: पुन्हा रोजचं सुरू झालं असेल तर परत एकदम बंद करणं या वेळी जास्त जड जाऊ शकतं, कारण वारंवार सोडलं-धरलं की विड्रॉवल दर वेळी तीव्र होत जाऊ शकतो. म्हणजे डॉक्टर पुन्हा. मग स्पॉन्सरला फोन, आणि मग मिटिंगमध्ये जाऊन एका वाक्यात सांगायचं, "मी प्यायलो, परत आलोय". सविस्तर कारणं, कुणामुळे, कशामुळे, ते स्पॉन्सरशी बोला.

प्रवासाला निघालात किंवा राहायची जागा बदलली तर घसरण्याची शक्यता वाढते, कारण रोजची बसलेली घडी मोडते. त्यामुळे निघायच्या आधीच तिथली यादी काढून ठेवा, फोन करून खात्री करा आणि पोचल्या पोचल्या पहिल्या दोन दिवसांतली एक मिटिंग आधीच ठरवून टाका. जुन्या ग्रुपला ऑनलाइन हजेरी चालू ठेवता येते का तेही विचारून घ्या, आणि नव्या जागी तीन नंबर मिळेपर्यंत जुन्या तिघांपैकी एकाला रोज फोन करा.